वाळूचा दांडा: घडण, टेकड्या, झाडोरा, पक्षी-प्राणी आणि उपाय

खारवारा

एका टोकाने जमिनीला चिकटलेली आणि दुसरं टोक समुद्रात सुटलेली वाळूची लांबट पट्टी म्हणजे वाळूचा दांडा. शाळेच्या भूगोलात त्याला दोन ओळी मिळतात. प्रत्यक्षात तो समजायला अवघड असतो, कारण तो दर वर्षी बदलतो. जाणकारांनी इथे नेमकी माहिती द्यावी म्हणून हा धागा. घडणीपासून सुरुवात करतो.

लाट तिरकी येते तेव्हा वाळूही तिरकी वर चढते, परतणारं पाणी मात्र उताराने सरळ खाली येतं. त्यामुळे प्रत्येक कण करवतीच्या दात्यांसारख्या रेघेने किनाऱ्याच्या कडेकडेने पुढे सरकतो. किनारा एकदम आत वळला किंवा खाडीचं मुख आलं की वाळू त्याबरोबर वळत नाही, समोरच्या पाण्यात पडत राहते. आधी पाण्याखाली उंचवटा होतो, मग ओहोटीला उघडी पडणारी पट्टी आणि मग दांडा. टोकाला लाटा वळसा घालून आत शिरतात, म्हणून टोक आकड्यासारखं वळतं. दांडा आणखी वाढला की जुना आकडा आतल्या अंगाला मागे राहून जातो. असे चार-पाच आकडे दिसले तर टोक पूर्वी कुठे कुठे होतं ते त्यावरून सांगता येतं.

मापं पाहिली तर फरक किती मोठा ते कळेल. बाल्टिक समुद्रावरचा क्युरोनियन दांडा ९८ किमी लांब आहे (५२ किमी लिथुआनियात, ४६ किमी रशियात), पण अगदी चिंचोळ्या जागी रुंदी जेमतेम ४०० मीटर. पोलंडचा हेल साधारण ३५ किमी, न्यूझीलंडचा फेअरवेल पाण्यावर सुमारे २५ किमी आणि इंग्लंडचा स्पर्न ५-६ किमी.

कणाद

चांगली सुरुवात. लाटांच्या कामानंतर वाऱ्याचं काम येतं, त्याबद्दल लिहितो.

कोरडी बारीक वाळू (०.२ ते ०.३ मिमी) ताशी साधारण २० किमी वाऱ्याला हलायला लागते. बहुतेक कण जमिनीलगत उड्या मारत जातात आणि पडताना पुढच्या कणांना धक्का देतात. गुडघ्याच्या वर फार थोडी वाळू जाते. हा उंबरठा ओलांडल्यावर वारा दुप्पट झाला तर वाहणारी वाळू साधारण आठपट होते. म्हणून वर्षभराच्या सरासरी वाऱ्यावरून काहीच कळत नाही. वर्षातल्या मोजक्या वादळी दिवसांत टेकडीचं रूप ठरतं. पाऊस पडत असताना मात्र तोच वारा जवळजवळ निकामी असतो, कारण ओले कण एकमेकांना धरून ठेवतात.

टेकडीच्या दोन बाजू पाहिल्या की वारा कुठून येतो ते कळतं. वाऱ्याकडची बाजू सपाटसर, १० ते १५ अंशांची. आडोशाची बाजू ३० ते ३४ अंशांची, कारण सुटी वाळू त्याहून तीव्र उतारावर थांबतच नाही, घसरते. या घसरत्या बाजूवर चढू नये. एका माणसाने चढण्यातही बरीच वाळू खाली येते आणि मुळं उघडी पडतात.

आणखी एक खूण. वाऱ्याने पोखरलेला खळगा खोल होत होत एका पातळीला थांबतो आणि तळ सपाट राहतो. ती भूजलाची पातळी. ओली वाळू लागली की वाऱ्याचं काही चालत नाही. अशा सपाट तळाच्या सखल भागात पावसाळी डबकी होतात आणि दांड्यावरची सर्वात वेगळी जीवसृष्टी तिथेच सापडते.

मर्यादवेल

समुद्राकडून आत चालत गेलं तर झाडोऱ्याचे पट्टे ठळक दिसतात. उष्ण किनाऱ्यावर सर्वात पुढे मर्यादवेल आणि स्पिनिफेक्स, म्हणजे आपल्याकडे ज्याला रावणाच्या मिशा म्हणतात ते काटेरी गोळ्यांचं गवत. थंड किनाऱ्यावर पुढे सी रॉकेट आणि त्याच्या मागे मॅरम गवत.

या पुढच्या रांगेतल्या वनस्पतींचा गुण असा की त्यांना पुरलेलं चालतं. नुसतं चालत नाही, त्यांना ते लागतं. मॅरम वर्षाला जवळजवळ एक मीटर वाळू अंगावर घेऊनही वर येतं, प्रत्येक थरात नवी मुळं सोडतं. वाळू यायची थांबली की तेच गवत विरळ, मरगळलेलं दिसू लागतं. ताज्या वाळूत मुळांवर जगणारे सूत्रकृमी आणि बुरशी नसतात, जुन्या वाळूत ते साठत जातात. दर वर्षी वर सरकणारं गवत त्यांच्यापासून पळ काढत असतं. मॅरम पिवळं पडलं म्हणून खत घालणारे लोक आहेत. खताने तिथे दुसरंच तण माजतं, मॅरमला हवी असते वाळू.

मॅरमच्या पानाचा आडवा काप पाहिला तर पान आतल्या बाजूला गुंडाळलेलं असतं आणि श्वसनाची छिद्रं त्या नळीच्या आत असतात. खारा वारा आणि उन्हापासून पाणी वाचवण्याची ही सोय.

मागच्या टेकड्या करड्या दिसतात. तिथे दगडफूल, शेवाळ, ठेंगणी झुडपं येतात. पावसाने शिंपल्यांचा चुना धुऊन नेलेला असतो, माती आंबट झालेली असते. हा पापुद्रा बोटभरही जाड नसतो, पण वाळूला धरून ठेवतो. एका गाडीच्या चाकाने तो फुटला की भरून यायला अनेक वर्षं जातात.

नवशिका०७

कुंपण घालून टेकडी 'तयार' करतात असं ऐकलं आहे. नेमकं कसं करतात? आणि कुठे चुकतं?

कणाद

@नवशिका०७, पद्धत जुनी आणि साधी आहे, चुका मात्र त्याच त्याच होतात.

कुंपण एक ते सव्वा मीटर उंच, झाडांच्या फांद्यांचं किंवा लाकडी पट्ट्यांचं. जवळजवळ निम्मा भाग मोकळा हवा. वारा अडवायचा नसतो, मंद करायचा असतो. फळ्या लावून पूर्ण बंद केलं तर वारा वरून उडी मारतो, कुंपणाच्या पायाशी भोवरा होतो आणि खांब उघडे पडतात. खांब २ ते ३ मीटरवर, वाळूत पाऊण मीटर तरी खोल. रांग मुख्य वाऱ्याला आडवी. आडोशाच्या बाजूला वाळू कुंपणाच्या उंचीच्या ८ ते १० पट अंतरापर्यंत साठते. दोन-तृतीयांश भरलं की त्याच ढिगावर दुसरं कुंपण.

चुका सांगतो. पहिली, समुद्राच्या फार जवळ घालणे. उधाणाच्या भरतीचं पाणी जिथवर येतं त्याच्या बरंच वर घालावं, नाहीतर पहिलं वादळ ते घेऊन जातं. दुसरी, मध्ये फट सोडणे. त्या फटीतून वारा जोराने घुसतो आणि नेमका तिथेच खळगा पडतो. तिसरी, प्लास्टिकची जाळी. ती फाटते, वाळूत पुरली जाते आणि कासवं-पक्षी तिच्यात अडकतात. चौथी सर्वात मोठी, ढीग झाला की काम झालं समजणे. उघडा ढीग पुढच्या कोरड्या वाऱ्याला परत जातो, त्यावर लागवड हवीच.

मर्यादवेल

लागवडीचे आकडे: मॅरम सुप्तावस्थेत असताना, म्हणजे उशिरा शरद ऋतूपासून वसंताच्या सुरुवातीपर्यंत लावायचं. एका खड्ड्यात २-३ काड्या, खोली २० ते २५ सेंमी, अंतर ४५ सेंमी, पुढची रांग मागच्या रांगेच्या मधोमध. मुळं एक तासही उन्हात ठेवू नयेत, ओल्या गोणपाटात ठेवावीत. लावल्यावर टाचेने वाळू दाबायची. उथळ लावलेली काडी वाऱ्याने उघडी पडते, अपयश येतं ते बहुतेक वेळा इथेच.

मर्यादवेलीच्या बाबतीत पावसाच्या तोंडावर तीन-चार पेरांचे तुकडे घ्यावे, दोन पेरं वाळूखाली आणि शेंडा बाहेर.

सुरूचं झाड मात्र पुढच्या रांगेत लावू नये, हे ठामपणे सांगावंसं वाटतं. खाली सुयांचा जाड थर पडतो, त्यात वेली-गवत उगवत नाही. मुळं उथळ असतात, लाटांनी पाया खाल्ला की झाडं आडवी होतात आणि मागे वाळूची उभी भिंत उरते. त्या भिंतीवर कासवाला चढता येत नाही.

सुरय

वरचे उपाय तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहेत, पण एक प्रश्न मागे राहतो: टेकडी बांधून टाकावीच का?

लहान सुरय, केंटिश चिखल्या, रिंग्ड चिखल्या हे पक्षी उघड्या वाळूवर किंवा शिंपल्यांच्या चुऱ्यावर अंडी घालतात. गवताने झाकलेल्या टेकडीवर ते बसत नाहीत, कारण शत्रू येताना दिसला पाहिजे. उघडी वाळू टिकते ती वादळांमुळे. मोठ्या वादळात लाटा दांड्यावरून पलीकडे जातात, मागच्या बाजूला पंख्यासारखी वाळू पसरते. पुढच्या हंगामात सुरय नेमक्या त्या पंख्यावर वसाहत करतात.

शिवाय ही वाळू मागच्या बाजूला पडते म्हणून दांडा आतल्या दिशेने सरकत सरकत टिकतो. समुद्राच्या बाजूने झिजतो, आतल्या बाजूने भरतो. पुढे सलग उंच टेकडी बांधली की मागे वाळू जाणं थांबतं. समोरची झीज चालूच राहते. परिणामी दांडा अरुंद होत जातो आणि एक दिवस तुटतो. स्पर्नवर संरक्षक बांधकामं बराच काळ होती, पुढे त्यांची देखभाल थांबली. ५ डिसेंबर २०१३ च्या वादळी भरतीने मधला रस्ता वाहून नेला. आता मोठ्या भरतीला टोकाचं बेट होतं.

राखीटेकडी

@सुरय, तुमचं म्हणणं स्पर्नला लागू आहे, क्युरोनियनला जसंच्या तसं नाही. तिथे जंगल तोडल्यामुळे वाळू सुटली होती. १६व्या शतकानंतर वृक्षतोड वाढली, टेकड्या खाजणाच्या दिशेने चालू लागल्या आणि १४ गावं गाडली गेली. गाव उठायचं, पुढे वसायचं, टेकडी मागून यायची. १९व्या शतकात समुद्राच्या बाजूने सलग कृत्रिम टेकडी उभी केली, आत पाइनची लागवड केली, तेव्हा कुठे थांबलं. २००० साली त्या भूदृश्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला तो निसर्ग आणि माणूस दोघांचं काम म्हणून. ती पुढची टेकडी अजूनही दुरुस्त करावी लागते. फांद्यांची जाळी वाळूवर अंथरतात, चौकोन करून.

आज तिथे उघड्या वाळूच्या टेकड्या थोड्याच उरल्यात. लिथुआनियातल्या नीदा गावाजवळची पार्निडिस टेकडी सुमारे ५० मीटर आहे आणि पायवाट सोडून चालायला मनाई आहे. कारण साधं आहे. समोरून नवी वाळू येत नाही, त्यामुळे पायांनी घसरलेली वाळू परत वर येत नाही.

डेन्मार्कने मधला मार्ग काढला. स्कागेनच्या भूशिरावर इतरत्र लागवड करून वाळू रोखली आणि राब्येर्ग मीले ही एक टेकडी मुद्दाम मोकळी सोडली. साधारण एक चौरस किमी, ४० मीटर उंच, वर्षाला १८ मीटरपर्यंत ईशान्येकडे सरकते. मागे ओलसर सपाट तळ सोडत जाते. वाळू मोकळी सुटली की काय होतं तेही जवळच दिसतं. तिथल्या चर्चच्या दारासमोरची वाळू उपसून उपसून लोक थकले, १७९५ मध्ये ते बंद झालं. आज मनोरा तेवढा वाळूतून वर दिसतो.

सुरय

मान्य. मागे गाव आहे की नाही, यावर उत्तर अवलंबून आहे. माझा आक्षेप आहे तो रिकाम्या टोकावरही सवयीने कुंपण घालण्याला. टोक मोकळं सोडावं, गळा (जिथे दांडा जमिनीला जोडलेला असतो) सांभाळावा.

घरट्यांबद्दल व्यवहाराचं सांगतो. लहान सुरय २-३ अंडी घालते, तीन आठवडे उबवते, पिल्लांना उडायला आणखी जवळजवळ तीन आठवडे. म्हणजे एक वसाहत दीड महिना तरी त्या जागेवर असते. अंडी वाळूच्या रंगाची असतात, पायाखाली येतात. शिवाय उन्हानेही अंडी मरतात. माणूस जवळ थांबला, पक्षी उठला, भर दुपारी उघडं अंडं थोड्याच मिनिटांत शिजतं.

दोरी कुठे बांधावी? पक्षी मान ताणून उभा राहतो ते अंतर पाहावं आणि दोरी त्याच्याही बरीच बाहेर बांधावी. तो उडेपर्यंत थांबू नये. चिखल्या पंख मोडल्यासारखा फरफटत पुढे पळू लागला तर पिल्लं किंवा अंडी तुमच्या अगदी जवळ आहेत. त्याच्या मागे जाऊ नये, आलात त्याच पावलांवरून परत फिरावं.

भरतीओहोटी

आतल्या बाजूच्या चिखलाबद्दल कोणी लिहिलं नाही. दांड्याची पाखरं पाहायची तर खरी जागा ती. ओहोटीला पक्षी चिखलावर विखुरलेले असतात, दुर्बिणीतूनही ठिपके दिसतात. भरतीच्या दोन तास आधीपासून पाणी त्यांना दांड्याच्या टोकाकडे ढकलतं. सूर्य पाठीमागे येईल अशी जागा आधीच गाठून बसावं. उधाणाच्या दिवशी गर्दी जास्त, भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवशी बराच चिखल उघडाच राहतो, म्हणून पक्षी पांगलेले. भरतीच्या वेळी टोकावर चालत जाणं टाळावं. त्या दोन-तीन तासांत पक्षी विश्रांती घेत असतात आणि प्रत्येक उड्डाणात साठवलेली चरबी खर्च होते.

ती चरबी किती मोलाची असते याचं उदाहरण फेअरवेलसारख्या जागी उतरणारा बार-टेल्ड गॉडविट हा पक्षी. २००७ मध्ये उपग्रह-यंत्र लावलेली एक मादी अलास्काहून न्यूझीलंडला सुमारे ११,७०० किमी न थांबता आठेक दिवसांत पोचली.

स्थलांतर करणारे छोटे पक्षी दांड्यावर दाटतात त्याचं कारण वेगळं. त्यांना मोठं पाणी ओलांडायचं नसतं, म्हणून ते जमिनीची पट्टी धरून जातात. क्युरोनियनवर रॉसिटेन इथे १९०१ मध्ये योहानेस थीनेमान यांनी पक्षी-केंद्र सुरू केलं ते यासाठीच. आज तिथे मोठ्या नरसाळ्यासारख्या जाळ्यांत पक्षी पकडून पायात ओळखीची कडी घालतात आणि सोडतात.

मर्यादवेल

भरतीरेषेवरचा कुजका पाला आणि समुद्रशैवाल हेही लिहा कोणीतरी. यंत्राने पुळण 'स्वच्छ' करणारे नेमकं तेच उचलून नेतात. त्या पाल्यात वाळूतले टुणटुण उड्या मारणारे कवची प्राणी आणि माश्यांच्या अळ्या असतात, चिखल्यांची पिल्लं त्यावर जगतात. पाल्याभोवती वाळू अडते, त्यात बी रुजतं, पुढची टेकडी तिथूनच सुरू होते. प्लास्टिक, दोर, जाळी हाताने वेचावी आणि पाला तिथेच सोडावा.

भूत-खेकड्यांची बिळं मोजणं हा पुळणीची तब्येत तपासायचा सोपा मार्ग. ठरावीक रुंदीची पट्टी आखा, पाण्यापासून टेकडीपर्यंत, सकाळी लवकर, दर महिन्याला चंद्राच्या एकाच तिथीला. गाड्या फिरतात त्या आणि न फिरणाऱ्या पट्टीतला फरक पहिल्याच मोजणीत दिसतो.

नवशिका०७

कासवांसाठी दांडा का महत्त्वाचा? घरटी हलवावीत का?

सुरय

ओडिशातल्या ऋषिकुल्या नदीच्या मुखाजवळच्या वाळूवर ऑलिव्ह रिडले कासवं सामूहिक अंडी घालतात. मुख सरकलं की तिथली वाळूची पट्टीही आकार बदलते, त्याबरोबर घरट्यांची जागाही. एका घरट्यात साधारण शंभरच्या वर अंडी, खोली सुमारे ४५ सेंमी, ४५ ते ६० दिवसांत पिल्लं. वाळूचं तापमान २९-३० अंशांच्या आसपास असलं तर नर-मादी दोन्ही, जास्त तापली तर माद्या जास्त.

घरटं उधाणाच्या पाण्यात जाणार हे नक्की असेल तरच हलवावं, आणि अंडी घातल्यापासून काही तासांच्या आतच. नंतर गर्भ अंड्याच्या वरच्या आतल्या पापुद्र्याला चिकटतो, अंडं फिरलं तर तो मरतो. प्रत्येक अंड्याची वरची बाजू वरच ठेवायची, नवा खड्डा मूळ खोलीचा आणि मूळ आकाराचा करायचा. गाडीच्या चाकोरीत पिल्लं अडकतात आणि दिव्यांच्या उजेडाकडे वळतात. हंगामात या दोन गोष्टी थांबवल्या तर घरटी हलवण्यापेक्षा जास्त उपयोग होतो.

कणाद

गोड्या पाण्याचा मुद्दा राहिला. दांड्याखाली पावसाचं पाणी खाऱ्या पाण्यावर भिंगासारखं तरंगतं. समुद्रपातळीच्या वर एक मीटर गोडं पाणी असेल तर खाली साधारण ४० मीटर असतं. हेच गणित उलटंही चालतं. पंपाने पातळी १० सेंमी उतरवली की खारं पाणी खालून सुमारे ४ मीटर वर येतं. म्हणून खोल बोअर घेऊ नये. रुंद, उथळ विहिरी आणि थोडं थोडं उपसणं. पाणी एकदा खारं झालं की ते परत गोडं व्हायला कित्येक पावसाळे लागतात, आणि टेकड्यांमधली डबकी त्याआधीच आटतात. युरोपातला नॅटरजॅक भेक अशा उथळ डबक्यांत अंडी घालतो. डबकं उन्हाळ्यात आटतं म्हणून मासे राहत नाहीत, पण ६ ते ८ आठवडे तरी पाणी टिकायला हवं, तेवढ्यात बेडूकमाशांना पाय फुटतात.

राखीटेकडी

मुख उघडण्याचं उदाहरण म्हणून ओडिशातलं चिलिका सरोवर बघा. दांडा वाढून मुख दूर गेलं, गाळाने वाट अरुंद झाली, सरोवराचा खारेपणा उतरला, तण माजलं, मासळी घटली. सप्टेंबर २००० मध्ये दांड्यातून सरोवराला जवळचं नवं मुख खणलं. मासळी वाढली, इरावती डॉल्फिनना फायदा झाला. २००२ मध्ये चिलिका धोक्यातल्या पाणथळ जागांच्या मॉन्ट्रो नोंदवहीतून बाहेर आलं. असं मुख नेहमी हिशेब करूनच खणावं. भरतीचं पाणी जेवढं आत-बाहेर जातं त्याच्या मानाने मुख फार रुंद ठेवलं तर प्रवाह मंदावतो आणि वाळू पुन्हा भरते.

भरतीओहोटी

शेवटचा मुद्दा देवमाशांचा. फेअरवेलच्या आकड्यात, आतल्या उथळ उपसागरात, पायलट व्हेल वारंवार अडकतात. फेब्रुवारी २०१७ मध्ये ४०० हून अधिक. तळाचा उतार इतका मंद आहे की त्यांचा ध्वनी नीट परत येत नाही, आणि ओहोटीला पाणी वेगाने, फार दूरवर मागे जातं.

अडकलेल्या देवमाशाला पोटावर सरळ ठेवायचं, कुशीवर पडू द्यायचं नाही. ओली चादर टाकायची, पण डोक्यावरचं श्वासाचं छिद्र उघडं ठेवायचं आणि पाणी ओतताना त्यात जाऊ द्यायचं नाही. परांच्या खाली वाळू उकरून खळगा करायचा म्हणजे त्यावर भार येत नाही. शेपटीला किंवा परांना धरून ओढायचं नाही, सांधे निखळतात. शेपटीपासून दूर उभं राहायचं. भरती आली की एकेकाला सोडू नये, सगळे तरंगेपर्यंत धरून ठेवावं आणि एकत्र खोल पाण्याकडे न्यावं. एकटा सोडलेला व्हेल मागे राहिलेल्या सोबत्यांकडे परत वळतो आणि पुन्हा अडकतो.